पडत्या महिन्यांचं जेवण

तैवानातल्या साध्या खानावळीत काय हवं ते विचारायला कुणी येत नाही. टेबलावर छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक पेन्सिल ठेवलेली असते. चिठ्ठीवर पदार्थांची नावं, पुढे किंमत आणि त्यापुढे एक रिकामा चौकोन. हवं त्या चौकोनात आकडा घालायचा, वर टेबलाचा नंबर लिहायचा आणि चिठ्ठी गल्ल्यावर नेऊन द्यायची. सगळं चिनी लिपीत. नवऱ्याला शिन्चूला नोकरी लागली म्हणून मी इथे आले, तेव्हा त्या चिठ्ठीवरची फक्त किंमत मला वाचता येत होती. शेजारच्या टेबलावरच्या वाडग्याकडे बोट दाखवायचं आणि समोर येईल ते खायचं, असे सुरुवातीचे दिवस गेले.

हळूहळू भात, शेवया, मासा, डुक्कर एवढी चिन्हं ओळखू यायला लागली. खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. ओळखीचं नाव मागितलं की अनोळखी पदार्थ समोर यायचा.

बा-वानचंच घ्या. रताळ्याचं सत्त्व आणि तांदळाचं पीठ यांचं अर्धपारदर्शक आवरण, आत डुकराचं मांस आणि बांबूचे कोंब, वरून गोडसर दाट रस. शिन्चूत खाल्लेल्या बा-वानमधलं मांस लालबुंद होतं, कारण लाल बुरशी चढवलेल्या तांदळाच्या मद्याचा उरलेला गाळ इथे मांसाला चोळतात. पुढे चांगह्वाला गेलो. नाव तेच, पण लाली नाही. वाफवलेले गोळे मंद आचेवरच्या तेलात बुडून बसलेले, आणि मागणी आली की कात्रीनं चिरून बशीत पडणारे. ताइनानला पोचलो तर तेलच गायब. तांदळाच्या पिठाचे पांढरे, लहानसे, मऊ गोळे थेट वाफेवरून उतरलेले आणि आत मांसाऐवजी कोळंबी! भाताचंही तेच. बारीक चिरलेलं, सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस भातावर घालतात, त्याला ताइपेत 'लू-रो-फान' म्हणतात. दक्षिणेत त्याच नावानं मागा, तर पुष्कळ ठिकाणी भातावर डुकराच्या पोटाचा अख्खा जाड तुकडा येतो. बारीक मांसाच्या भाताला तिकडे वेगळं नाव आहे.

आणि हे बेट उत्तर-दक्षिण जेमतेम चारशे किलोमीटर. वेगवान रेल्वेनं ताइपेहून काओशुंगला दोन तासांच्या आत पोचता येतं. एवढ्याशा अंतरात एवढे फरक कशानं पडले, हा प्रश्न माझी पाठ सोडेना. उत्तराचं पहिलं टोक चांगह्वा जिल्ह्यातल्या बेइडोऊ गावच्या बा-वाननंच हाती दिलं. 1898 साली तिथे मोठा पूर आला, धान्य गेलं, तेव्हा देवळातल्या एका लेखनिकानं वाळलेल्या रताळ्यांचं पीठ मळून, गोळे उकडून लोकांना खाऊ घातले, असं तिथे सांगतात. मांस, कोंब, रस हे सगळं बरे दिवस आल्यावर त्यात शिरलं.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी हेच विचारत गेले आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तशाच जातीचं उत्तर मिळालं. 'आमच्या गावचा' म्हणून जो पदार्थ लोक मानानं पुढे करतात, त्याच्या मुळाशी कुठला तरी पडता महिना असतो. पूर, वादळ, दोन पिकांमधला रिकामा काळ, नाही तर घरदार सोडून आलेल्या माणसांचा पहिला हिवाळा.

ताइनानची 'तान-त्साय' शेवई हे त्याचं सरळ उदाहरण. ताइनान ही तैवानची जुनी राजधानी. डचांनी 1624 मध्ये इथेच ठाणं मांडलं, 1662 मध्ये चीनमधून आलेल्या कोशिंगा या सेनापतीनं त्यांना हुसकून लावलं, आणि पुढे चिनी राजवटीतही दीर्घकाळ कारभार इथूनच चालला. खाण्याच्या बाबतीत ताइनानकर इतर कुणाला मोजत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहेत. हुंग यू-थोऊ नावाच्या कोळ्यानं 1895 मध्ये इथल्या देवळासमोर शेवया विकायला सुरुवात केली. पावसाळी वादळांच्या महिन्यांत होडी समुद्रात घालता येत नसे. तेवढे महिने पोट भरावं म्हणून खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला भांडीकुंडी. आजही शेवया रांधणारा माणूस बुटक्या स्टुलावर, जमिनीलगतच्या चुलीशी बसतो. शेजारी मांसाच्या रश्श्याचं काळंभोर मडकं मंद रटरटत असतं. तो गाळणीत मूठभर शेवया गरम पाण्यात दोनदा झटकतो, वाडग्यात उलट्या करतो, मग कोळंबीच्या टरफलांचं सूप, चमचाभर मांस, एक कोळंबी, लसूण, काळा व्हिनेगर, कोथिंबीर. वाडगा लहान, चार घासांत संपणारा. दोन जेवणांच्या मधल्या भुकेसाठीच तो पहिल्यापासून बेतलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'साबाही' नावाच्या माशाची पेज खाल्ली. कोकणात माहेर असल्यामुळे मासे मला नवे नाहीत, पण नाश्त्याला मासा, तोही पहाटेपासून रांग लावून, हे नवं होतं. साबाही ताइनानच्या किनाऱ्यावर उथळ तळ्यांत वाढवतात. थंडी या माशाला सोसत नाही. गारठ्याची लाट आली की तळीच्या तळी मरतात, म्हणून हिवाळ्याआधी बरेचसे मासे काढून घेतात. अंगात दोनशेहून जास्त काटे. दुकानाच्या मागच्या बाजूला एक बाई मासे साफ करत होत्या, त्यांच्यापाशी मी बराच वेळ उभी राहिले. त्या पोटाचा चरबीदार भाग अख्खा सोडवून घेत होत्या, पाठीतले आडवे काटे बोटानं चाचपून चिमट्यानं उपसत होत्या, आणि प्रत्येक भाग वेगळ्या परातीत जात होता: पोट, पाठ, कातडी, डोकं. आतडी सर्वात आधी संपतात, कारण ती अगदी ताजीच खाता येतात. काटे आणि डोक्यांचं सूप उकळत होतं. ओट्यावर टाकाऊ म्हणून काही राहिलंच नाही.

त्याच दुकानात वाफवलेल्या माशावर हिरवट-पिवळी, गोळीएवढी फळं होती. एक चावलं, आत बी आणि बीभोवती चिकट गर. चॉपस्टिक्सला तार सुटली आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. भोकर! माझं सासर नाशिककडचं, सासूबाई भोकराचं लोणचं घालतात, त्यामुळे ती तार ओळखायला मला क्षणही लागला नाही. ताइनानच्या डोंगराळ भागात, विशेषतः त्सोजेनकडे, भोकराची झाडं पुष्कळ. उन्हाळ्यात फळं उतरवतात, तासन्‌तास शिजवतात, मीठ घालून घोटतात आणि चिकटपणामुळे आपोआप आळणारे गोळे वाटीत थापून ठेवतात, नाही तर खाऱ्या रसात बरणीत भरतात. मासा वाफवताना, अंड्यात, कारल्यासोबत ती घालतात. खारट, किंचित गोड, मागून येणारा तुरटपणा. आपल्याकडे भोकराला मोहरी आणि तेल लागतं. इथे नुसतं मीठ आणि आलं, त्यामुळे फळाची स्वतःची चव मला इथे पहिल्यांदा कळली.

ताइनानचं जेवण गोड असतं, रश्शापासून चटणीपर्यंत. डचांनी इथून साखर बाहेर पाठवली, पुढे 1895 ते 1945 या जपानी अंमलात दक्षिणेत मोठे साखर कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या मुलखातली जीभ गोडाला सरावली. मला ते जड जातं, हे प्रामाणिकपणे सांगते.

दक्षिणेत गोमांसाच्या सुपाचीही पहाटे गर्दी असते. मी ते खात नाही, म्हणून त्याबद्दल बोलणार नाही. पण जुन्या शेतकरी कुटुंबांतली कितीतरी माणसं इथेही गोमांस वर्ज्य मानतात, कारण ज्या बैलानं नांगर ओढला त्याला खायचं नाही. हे मला आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, आणि त्यांच्याविषयीच मला सर्वात जास्त लिहायचं आहे.

त्या हक्का समाजाच्या. वय सत्तरीपलीकडचं. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे 'आ-पो', म्हणजे आजी, म्हणते. त्यांची सून इंग्रजी जाणते, म्हणून आमचं बोलणं होतं. हक्का लोक चीनच्या ग्वांगदोंगकडून आले आणि शिन्चू, मियाओली, थाओयुआनच्या डोंगरपायथ्याला, तसंच दक्षिणेत मेइनोंग आणि पिंगदोंगकडे वसले. त्यांचं जेवण खारट, स्निग्ध आणि वासाला खमंग. डोंगरउतारावर दिवसभर घाम गाळायचा, तर मीठ आणि चरबी लागणारच. देवाला ठेवलेलं उकडलेलं डुकराचं मांस आणि सुका माकूळ दुसऱ्या दिवशी चिवट व्हायचे. ते पातळ कापून, कडक टोफू आणि कांद्याची पात घालून जोरदार आचेवर परतायचे. नैवेद्याचं उरलेलं संपवण्याची ही युक्ती आज हक्का खानावळीचा पहिल्या मानाचा पदार्थ झाली आहे.

आ-पोंचं माहेर मियाओली जिल्ह्यातल्या गोंगग्वानचं, आणि गोंगग्वान ओळखलं जातं ते मोहरीच्या पाल्यासाठी. भाताचं दुसरं पीक निघालं की शेत वसंतापर्यंत रिकामं. त्या मधल्या थंड महिन्यांत मोहरीच्या जातीची, जाड देठांची, मोठ्या गड्ड्याची भाजी लावतात. ती एकदम सगळी तयार होते आणि ताजी खाऊन संपत नाही. मग पुढचं अख्खं वर्ष त्या भाजीचं असतं.

चांद्र नववर्षाच्या सुमारास आ-पो मला सोबत घेऊन गेल्या. कापलेले गड्डे शेतातच उन्हात पसरून मलूल केलेले होते. ते मोठ्या पिंपात रचायचे: एक थर भाजी, एक थर जाडं मीठ. मग आ-पोंचे भाऊ पाय धुऊन पिंपात उतरले आणि तुडवायला लागले. भाजी करकरत होती. पाणी सुटून हिरवा रस वर येईपर्यंत तुडवलं, पुन्हा थर, पुन्हा तुडवणं, आणि शेवटी वर दगड. काही दिवसांनी भाजी पिवळी, आंबट, कुरकुरीत होते. ही पहिली अवस्था. ती सुपात घालतात.

त्यातली काही भाजी बाहेर काढून पुन्हा उन्हात टाकतात. देठ अर्धवट सुकले, हाताला लवचीक लागायला लागले की ते फाडून काचेच्या बाटलीत भरतात. हे काम आ-पोंनी मला दिलं. बाटली मद्याची, तोंड अंगठ्याएवढं. पट्टी आत सरकवायची, काठीनं ठोकायची, पुन्हा पट्टी, पुन्हा ठोकायचं. "हवा राहिली तर काळी पडेल," आ-पो प्रत्येक पट्टीला बजावत होत्या, आणि मी ठोकलेलं पुन्हा स्वतः ठोकत होत्या. बाटली गच्च भरल्यावर तोंड खाली करून उभी ठेवतात. उरलंसुरलं पाणी निथळतं आणि आत वारा शिरत नाही. ही फू-त्साय. काही महिन्यांनी ती तारेच्या आकड्यानं ओढून काढायची. बाटली उघडताक्षणी जो वास येतो त्यात ऊन, मीठ, आंबट आणि किंचित फळासारखं काही असतं. बरगडीच्या मांसाच्या सुपात चार पट्ट्या घातल्या तर मसाल्याची गरज उरत नाही.

तिसरी अवस्था मेइ-गान-त्साय. ती खडखडीत वाळवून, वेण्या घालून, गुंडाळून ठेवतात. रंग चहासारखा काळपट, वर्षानुवर्षं टिकते, आणि डुकराच्या पोटाच्या चरबीदार कापांखाली घालून वाफवली की सगळी चरबी पिऊन घेते. एकच भाजी, एकच मीठ, एकच ऊन. फक्त किती सुकवायचं याचा फरक. तैवानी जेवणात मला सगळ्यात थोर काय वाटलं असं कुणी विचारलं, तर मी या बाटल्या पुढे करीन. इतकं थोडं साहित्य आणि इतकी अक्कल मी दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात एकत्र पाहिलेली नाही.

भाताविषयी थोडं. इथला आखूड, चिकटसर, चमकदार तांदूळ मुळात जपान्यांच्या प्रयोगांतून आला. इसो एइकिची या शेतीतज्ज्ञाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, आणि 1926 मध्ये त्याला 'पोंगलाय' म्हणायला सुरुवात झाली. पण मला जास्त जवळचा वाटला तो दुसरा तांदूळ. ताइचुंगच्या शेतीकेंद्रानं 1956 मध्ये 'तायचुंग नेटिव्ह-1' ही बुटकी, भरघोस लोंब्यांची जात काढली. ती 1960 च्या दशकात भारतात आली, आणि तिच्या संकरातून 1968 मध्ये 'जया' भात तयार झाला. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी 'जया' पेरला, त्यांच्या खाचरात ताइचुंगचा अंश होता. हे कळल्यावर आ-पोंच्या घरचा साधा भातही मला परका वाटेनासा झाला.

गव्हाची गोष्ट वेगळी. 1949 मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरून लाखो सैनिक आणि नागरिक तैवानात आले. ते आले वेगवेगळ्या प्रांतांतून, राहिले सैनिकी वसाहतींत. अमेरिकेची मदत म्हणून 1965 पर्यंत गहू येत होता, आणि तांदूळ-रताळ्यांवर जगलेल्या बेटावर शेवया, वाफवलेले पाव, सोयादुधात बुडवायच्या तळलेल्या कांड्या रुळल्या. तिखट सोयाबीन-मिरचीची चटणी सिचुआनहून आलेल्या हवाई दलाच्या कुटुंबांनी काओशुंगजवळच्या गांगशानला बनवायला घेतली. आज जगभर तैवानचं म्हणून जे गोमांस-शेवयांचं सूप ओळखलं जातं, त्यात हाच गहू आणि हीच चटणी आहे. म्हणजे बेटाचं सर्वात प्रसिद्ध वाडगं हे तेव्हाच्या सर्वात नव्या रहिवाशांचं. फू पेइ-मेइ या बाई त्याच लाटेत आल्या. लग्न झालं तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. हॉटेलांच्या आचाऱ्यांना पैसे देऊन त्या शिकल्या आणि 1962 पासून दूरचित्रवाणीवर अख्ख्या देशाला शिकवू लागल्या. त्यांची जुनी चित्रफीत लावून मी आजही कढईसमोर उभी राहते.

शाकाहारी पाहुण्यांची इथे आबाळ होईल असं मला वाटलं होतं, घडलं उलट. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत, पाटीवर पुष्कळदा स्वस्तिकासारखं चिन्ह असतं, आणि कांदा-लसूणही न घातलेलं जेवण वेगळं नोंदवलेलं असतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी मांस खाणारेही तिथे रांग लावतात. माझी आई आली तेव्हा तिनं चातुर्मास इथे निर्धास्त पाळला.

या सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हजारो वर्षं आधीपासून इथे असलेले लोक मला भेटले ते पूर्व किनाऱ्यावर, ह्वालिएनकडे. तैवान सरकार आज सोळा आदिवासी जमाती मानतं. त्यांतली सर्वात मोठी आमिस. रानभाज्यांची त्यांच्याइतकी जाण दुसऱ्या कुणाला नाही, असं बाकीचेही मान्य करतात. त्यांचं सूप पाहायला मिळालं. भांडं म्हणजे पोफळीची विरी, झावळीचं बुडाकडचं रुंद देठ, दोन्ही टोकं दुमडून, काडीनं टाचून केलेली. गुहागरला आमच्या वाडीत विरी गळून पडली की आम्ही मुलं तिच्यावर बसून एकमेकांना ओढायचो, म्हणून मी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तीच. त्या विरीत पाणी, मासे, कोळंबी, कडवट रानपाला. शेजारी विस्तवात नदीतले गोटे तापत ठेवलेले. एका काकांनी बांबूच्या चिमट्यानं लाल गोटा उचलला, राख झटकली आणि पाण्यात सोडला. फसफसून वाफेचा लोट उठला, कोळंबी डोळ्यांदेखत गुलाबी झाली. दुसरा गोटा, तिसरा, आणि सूप खळखळून उकळायला लागलं. विरी जळली नाही. चवीला नुसतं मीठ. रानात किंवा नदीकाठी भांडं न नेता स्वयंपाक करायची ही रीत, आणि ते सूप मी खाल्लेल्या सगळ्या सुपांत निर्मळ होतं.

राहता राहिला झोंगझीचा वाद. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पंचमीला, होड्यांच्या शर्यतींच्या सणाला, चिकट तांदूळ बांबूच्या पानात त्रिकोणी बांधून करतात. उत्तरेत तांदूळ आधी सोया सॉस, मिरपूड, तळलेला कांदा घालून परततात आणि मग बांधून वाफवतात. दाणा सुटा राहतो. दक्षिणेत कच्चा तांदूळ आणि शेंगदाणे बांधून मोठ्या हंड्यात तासन्‌तास उकळतात आणि खाताना वर दाण्याचं कूट आणि दाट सोया सॉस. उत्तरेचे म्हणतात, तुमचा गिच्च होतो. दक्षिणेचे म्हणतात, तुमचा म्हणजे परतलेला भात नुसता पानात बांधलेला. दरवर्षी सण आला की हे भांडण वर्तमानपत्रांपासून ऑफिसांपर्यंत रंगतं. आ-पो दोन्ही पक्षांत नाहीत. त्या तांदळाच्या पिठाचा हक्का झोंगझी करतात, आत सुकवलेल्या मुळ्याचा कीस भरून. मी तिन्ही खाल्ले आहेत. मुळ्याचा मला मनापासून आवडतो, पण वादात मी दक्षिणेच्या बाजूची. झोंगझीत मला पानाची चव हवी असते, ती उकळत्या पाण्यात तासन्‌तास राहिल्याशिवाय तांदळात उतरत नाही, आणि हे मी आता ताइपेकरांनाही ठासून सांगते.